समावेशकतेचे प्रमाणपत्र घ्या, पण इन्क्युबेशन सेंटरचा दरवाजा उघडा!

महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि मोठ्या महाविद्यालयांत गेल्या काही वर्षांत दोन नव्या पाट्या लागल्या आहेत. एक पाटी 'इन्क्युबेशन सेंटर'ची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नवउद्योगांना जागा, पैसा आणि सल्ला देणाऱ्या केंद्राची. दुसरी पाटी 'समान संधी केंद्रा'ची. पहिल्या केंद्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात, उद्योगपती येतात, फीत कापली जाते, फोटो छापून येतात. दुसरे केंद्र अनेक ठिकाणी नॅकची समिती यायची असली की झाडून-पुसून उघडले जाते. पहिल्या केंद्रात बसणाऱ्या विद्यार्थ्यांत अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी किती, हे दुसऱ्या केंद्राने कधी विचारले आहे काय? आणि विचारले नसेल, तर 'आमचे कॅम्पस समावेशक आहे' असे अहवालात लिहून गुण आणि मानसन्मान मिळवण्याचा अधिकार या संस्थांना कोणी दिला?

नवउद्योजक विद्यार्थ्याला विद्यापीठाने काय द्यायचे, याविषयी कागदावर काहीही कमी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये नवोपक्रम आणि नवउद्योगांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. केंद्र सरकारने २०१९ साली उच्च शिक्षण संस्थांमधील विद्यार्थी व प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आणले. आमच्या किती विद्यार्थ्यांनी हे धोरण वाचले आहे? संस्थेने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या किमान १ टक्का रक्कम नवोपक्रम व स्टार्टअपसाठी ठेवावी, असे ते सांगते. उद्योग उभारणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी कमी भरली तरी परवानगीने त्याला परीक्षेला बसू द्यावे, प्रोजेक्टच्या जागी त्याचा स्टार्टअप ग्राह्य धरावा, कंपनीच्या नोंदणीसाठी संस्थेचा पत्ता वापरू द्यावा, असेही त्यात आहे. संस्था जागा व सेवा पुरवते म्हणून त्या कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते.

यातील एकेक सवलत झोपडपट्टीतून, दलित वस्तीतून, आदिवासी पाड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको. ज्याच्या बापाच्या नावावर घर नाही, त्याला कंपनीसाठी पत्ता मिळणे ही केवढी गोष्ट आहे! पण धोरण इंग्रजीत संकेतस्थळावर पडून असते, सूचना एका कोपऱ्यातल्या फलकावर लागते आणि अर्जाची मुदत संपल्यावर आमच्या पोराला बातमी कळते. ज्यांच्या घरात आधीपासून धंदा आहे, ज्यांचे काका सी.ए. आणि मामा कारखानदार आहेत, त्यांच्यापर्यंत मात्र ती वेळेवर पोहोचते.

निवडीच्या वेळी तर खरी गंमत होते. आमच्याकडे वकिलीच्या निमित्ताने आलेल्या एका विद्यार्थ्याची हकिगत सांगतो. आईबाप ऊसतोड कामगार. अभियांत्रिकीला शिकणाऱ्या या मुलाने उसाच्या मोळ्या डोक्यावरून फळीवर चढून ट्रकमध्ये टाकण्याऐवजी सरकत्या पट्ट्यावरून वर नेणारे एक हलके यंत्र कागदावर मांडले. आपल्या आईची मान आणि कंबर का गेली, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. निवड समितीने त्याला विचारले, 'याला मार्केट कुठे आहे? मजूर हे विकत घेणार का?' साखर कारखाना विकत घेऊ शकतो, वाहतूक ठेकेदार घेऊ शकतो, हे त्या विद्वानांच्या डोक्यात आले नाही. दुसरा प्रश्न होता, 'वडील काय करतात?' त्याची कल्पना नामंजूर झाली, पण का झाली, हे लेखी कळवण्याचे सौजन्य कोणी दाखवले नाही.

कोणती अडचण 'प्रश्न' म्हणून मोजायची आणि कोणती नाही, हे समितीत बसलेल्यांच्या अनुभवावर ठरते. ज्यांनी कधी मोळी उचलली नाही, गटारात उतरले नाहीत, त्यांना त्या जागी उद्योग दिसत नाही. पण तो तिथे आहे. केरळमधील अभियांत्रिकीच्या तरुणांनी मॅनहोल साफ करणारा 'बँडीकूट' हा यंत्रमानव केरळ स्टार्टअप मिशनच्या पाठबळाने तयार केला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरमला कामाला लावला. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारात गुदमरून माणसे मरतच राहिली, आणि मरणारे कोणत्या जातीचे असतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वस्त्यांतली मुले आज अभियांत्रिकीला आहेत. अशी यंत्रे त्यांच्या हातून व्हावीत, त्यांच्या मालकीच्या कंपनीतून व्हावीत, असे विद्यापीठाला का वाटू नये?

या प्रश्नाचे मूळ फार जुने आहे. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला परतले, तेव्हा त्यांनी शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये संशोधन केलेला अर्थशास्त्राचा पंडित! ज्ञानात काही कमतरता होती काय? गिऱ्हाईके आलीही. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ती येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. गुणवत्ता नाही म्हणून आमचा उद्योग चालत नाही, असे सांगणाऱ्यांनी हा प्रसंग समोर ठेवावा. उद्योगाला बुद्धी लागते, तसेच भांडवल लागते, जागा लागते आणि सर्वांत आधी गिऱ्हाईक लागते. जातिव्यवस्थेने बुद्धीचा दरवाजा बंद केला होता, तो बाबासाहेबांनी लाथ मारून उघडला. बाकीचे तीन दरवाजे अजून किलकिलेच आहेत.

भांडवलाचेच पाहा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०२० रोजी 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन' जाहीर केले. अनुसूचित जातीच्या १००० तरुणांना चार वर्षांत शोधायचे आणि प्रत्येकाच्या स्टार्टअपमध्ये तीन वर्षांत ३० लाख रुपये भांडवल म्हणून घालायचे, असे ते उद्दिष्ट. योजना चांगली आहे, आम्ही तिचे स्वागतच करतो. पण लाभार्थी येणार कुठून? तर प्रामुख्याने मान्यताप्राप्त इन्क्युबेशन केंद्रांनी हेरलेल्या कल्पनांमधून. म्हणजे तिजोरीवर नाव बाबासाहेबांचे आणि किल्ली मात्र इन्क्युबेशन सेंटरच्या हातात! जो विद्यार्थी त्या केंद्राच्या दारातच अडवला जातो, त्याच्यासाठी दिल्लीतला निधी असून नसल्यासारखा आहे. कॅम्पसवरची निवड ही म्हणूनच किरकोळ बाब नाही.

आता 'समावेशकते'च्या मानसन्मानाकडे वळू. नॅकच्या मूल्यांकनात १००० पैकी १०० गुण 'संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम प्रथा' या सातव्या निकषाला ठेवलेले आम्ही पाहिले आहेत. त्यात समावेशक वातावरणासाठी काय केले, हे संस्थेने ५०० शब्दांत लिहायचे. कोणत्या विविधतेविषयी? सांस्कृतिक, प्रादेशिक, भाषिक, जमातवादी-धार्मिक, सामाजिक-आर्थिक आणि 'इतर'. 'जात' हा शब्द नाही! या देशात जातीचे नाव न घेता समावेशकता मोजणे म्हणजे दुष्काळी अहवालात पावसाचा उल्लेख टाळण्यासारखे आहे. मग ५०० शब्दांत काय भरले जाते? १४ एप्रिलला हार घातला, ६ डिसेंबरला अभिवादन केले, संविधान दिनाला उद्देशिका वाचली, पारंपरिक वेशभूषा दिन साजरा केला. सोबत फोटो.

राष्ट्रीय मानांकनाची, म्हणजे एनआयआरएफची तऱ्हाही तीच. त्यात 'आउटरीच आणि समावेशकता' या कसोटीचे वजन १० टक्के. त्यातले ३० गुण परप्रांतीय व परदेशी विद्यार्थ्यांसाठी, ३० महिलांसाठी, २० अपंगांच्या सोयींसाठी आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी २०. महिला आणि अपंगांच्या गुणांना आमचा आक्षेप नाही, ते वाढावेत. पण हिशेब करा. १० टक्क्यांतले २० गुण म्हणजे एकूण १०० मध्ये फक्त २. आणि तेही किती विद्यार्थ्यांना संस्थेने पूर्ण शिक्षणशुल्क परत दिले यावर. किती विद्यार्थी अर्धवट सोडून गेले, किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती जणांना संशोधनासाठी मार्गदर्शक मिळाला, किती जणांना सीड फंड मिळाला, याला गुण नाहीत. उलट नवोपक्रमासाठी २०१८ साली 'अटल रँकिंग' सुरू झाले, २०२३ पासून एनआयआरएफमध्ये 'इनोव्हेशन' हा स्वतंत्र वर्ग आला. स्टार्टअपला स्वतंत्र मानांकन आणि सामाजिक समतेला शंभरात दोन गुण, यावरून या व्यवस्थेची नियत कळते.

तिकडे अमेरिकेत काय घडले पाहा. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ च्या जानेवारीत आपल्या २३ कॅम्पसांसाठी तेच केले. परदेशातल्या आंबेडकरी विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी त्यासाठी झुंज दिली. तिथे जात मान्य करण्यापासून सुरुवात झाली. इथे, जातीच्या माहेरघरी, मूल्यांकनाच्या कागदावर तिचे नाव घ्यायला संकोच वाटतो!

नाव घेतले ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता विनियमांनी. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा, भेदभावविरोधी अधिकारी नेमावा, तक्रारीचा निकाल ६० दिवसांत द्यावा, असे ते सांगतात. पण कागद कागदच राहिला. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी गेली. दोघांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती या विनियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणूनच. आयोगाने जानेवारी २०२६ मध्ये नवे विनियम काढले, त्यांना त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि तोवर २०१२ चेच विनियम चालतील असे सांगितले. विरोधासाठी रस्त्यावर कोण उतरले होते, हे वाचकांनी पाहिले आहे. समतेचा नियम आला की गोंधळ आणि समतेचा पुरस्कार मिळाला की पेढे, असा हा दुटप्पीपणा आहे.

आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतील, हे स्टार्टअप वगैरे भांडवलशाहीचे खेळ आहेत, त्यात आपण कशाला पडायचे? त्यांचे म्हणणे आम्ही हलके लेखत नाही. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी त्यांनी केली. २००५ साली पुण्यात 'डिक्की' स्थापन झाली तेव्हापासून दलित भांडवलाविषयीचा वाद आपल्यात चालूच आहे. पण इथे प्रश्न कोणाच्या खासगी तिजोरीचा नाही. विद्यापीठाची जमीन जनतेची, इमारत जनतेच्या करातून बांधलेली, निधी सरकारी. हे सार्वजनिक भांडवल आहे आणि ते कोणाच्या मुलांना वाटले जाते, हे विचारणे चळवळीचे कामच आहे. आपण विचारले नाही तर ते वाटले जाणार नाही असे थोडेच आहे? ते वाटले जाईलच, फक्त आपल्याला वगळून.

मात्र एक इशारा दिलाच पाहिजे. 'नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा' हा उपदेश आमच्या मुलांना अलीकडे फार केला जातो. सरकारी भरती गोठवायची, कंत्राटीकरण करायचे, शिष्यवृत्ती वेळेवर द्यायची नाही आणि वरून उद्योजक व्हा म्हणायचे, ही शुद्ध फसवणूक आहे. स्टार्टअप हा आरक्षणाला पर्याय नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनेच लोकसभेत सांगितले की पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएममधून अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींचे १३,६२६ विद्यार्थी गळाले. एकट्या आयआयटींमधून अनुसूचित जातीचे १,०६८. जो विद्यार्थी पदवीपर्यंत टिकतच नाही, तो कंपनी कधी काढणार? आधी टिकवा, शिकवा, मग उद्योगाच्या गप्पा मारा.

त्याच कॅम्पसवर 'कमवा व शिका' योजना चालते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारांतून आलेल्या या योजनेविषयी आम्हाला आदर आहे, तिने हजारो गरिबांची पोरे पदवीधर केली. पण आज चित्र काय आहे? गरिबाचा मुलगा ग्रंथालयात पुस्तके लावतो, बागेत पाणी घालतो, तासाच्या हिशेबाने पैसे घेऊन मेसचे बिल भरतो. त्याच्याच वर्गातला दुसरा मुलगा त्याच वेळी इन्क्युबेशन सेंटरमध्ये बसून गुंतवणूकदारांपुढे बोलायची तालीम करतो. एकाला विद्यापीठ मजुरी देते, दुसऱ्याला भांडवल. मजुरी महिन्याला संपते, भांडवल पिढ्यान् पिढ्या वाढते. वर्णव्यवस्थेने कामाची जी वाटणी केली होती, तिची ही सुधारित आवृत्ती नव्हे काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, प्रत्येक इन्क्युबेशन सेंटरने दरवर्षी जातप्रवर्गनिहाय आकडे जाहीर करावेत : अर्ज किती, निवड किती, सीड फंड कोणाला किती, जागा कोणाला. दुसरी, निवड समितीवर समान संधी केंद्राचा प्रतिनिधी आणि अनुसूचित जाती-जमातींतील उद्योजक असावेत व नकाराची कारणे लेखी द्यावीत. तिसरी, नवोपक्रमासाठी ठेवलेल्या निधीत राज्याच्या आरक्षणाच्या प्रमाणात, म्हणजे अनुसूचित जातींसाठी १३ आणि जमातींसाठी ७ टक्के रक्कम राखून ठेवावी. चौथी, प्रशिक्षण मराठीत व्हावे, 'कमवा व शिका'तील तास स्वतःच्या उद्योगासाठी वापरण्याची मुभा असावी. पाचवी, विद्यापीठाने पहिले गिऱ्हाईक व्हावे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के वाटा आहे. मग विद्यापीठाची छपाई, उपाहारगृह, गणवेश, सॉफ्टवेअर, प्रयोगशाळेचे साहित्य यांतला वाटा आपल्याच विद्यार्थ्यांच्या उद्योगांना का नको? १९१७-१८ मध्ये बाबासाहेबांचे गिऱ्हाईक जातीने पळवले, ते निदान विद्यापीठाने तरी परत आणावे. आणि सहावी, जिथे भेदभावाच्या तक्रारी ६० दिवसांपलीकडे पडून आहेत, त्या संस्थेला समावेशकतेचा एकही गुण, एकही पुरस्कार मिळू नये.

कायद्याचे दोन शब्द. अनेक इन्क्युबेशन केंद्रे कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली वेगळी कंपनी म्हणून नोंदवली जातात. मग 'आम्ही स्वतंत्र संस्था आहोत, आम्हाला आरक्षणाचे नियम नाहीत, माहितीचा अधिकार लागू नाही' असे उत्तर येते. हे उत्तर ऐकून परत फिरू नका. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २(ह) प्रमाणे सरकारच्या मोठ्या अर्थसाहाय्यावर चालणारी संस्थाही सार्वजनिक प्राधिकरणात मोडू शकते. शिवाय विद्यापीठाने दिलेल्या जागेची आणि पैशाची माहिती विद्यापीठाकडे असतेच, ती तिथेच मागा. दुसरे असे, की अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला व्यवसाय किंवा व्यापार करण्यापासून अडवणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(झेड-ए) खाली गुन्हा ठरवला गेला आहे. नामंजूर झालेला प्रत्येक अर्ज गुन्हा नसतो, हे आम्ही वकील म्हणून आवर्जून सांगतो. कायदा जपून आणि पुराव्यानिशी वापरायचा असतो. पण तो आहे, हे समित्यांमधल्या सभ्य गृहस्थांना माहीत असलेले बरे.

आणि शेवटी थोडे आपल्या लोकांविषयी. आरक्षणाने नोकरीत गेलेले आपले अधिकारी, अभियंते, बँक कर्मचारी, कर सल्लागार प्रत्येक शहरात आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग जरी वाचवला, तरी दहा मुलांच्या कंपन्यांची नोंदणी होते. वसतिगृहात जाऊन रविवारी दोन तास बसा. जीएसटीचा फॉर्म कसा भरायचा, पेटंटचा अर्ज कसा करायचा, बँकेपुढे प्रकल्प अहवाल कसा मांडायचा, हे मुलांना सांगा. तसेच प्रत्येक विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थी संघटनांनी येत्या महिन्यात वरच्या पहिल्या मागणीतले आकडे माहितीच्या अधिकारात मागवावेत. अर्जाला शुल्क १० रुपये लागते, उत्तराची मुदत ३० दिवस आहे. उत्तर आले तर ते या पानावर छापू. नाही आले तर अपिलाचा मसुदा आम्ही फुकट करून देऊ.

'शिका' या पहिल्या शब्दावर समाजाने तीन पिढ्या घालवल्या आणि त्याचे फळही मिळाले. आता शिकलेल्या पोरांनी विद्यापीठाच्या त्या काचेच्या दरवाजासमोर संघटित होऊन उभे राहण्याची वेळ आहे. समावेशकतेचे प्रमाणपत्र भिंतीवर खुशाल लावा. पण त्या प्रमाणपत्राखाली आमच्या मुलांचे आकडे लिहून दाखवा. जयभीम!